बँजोवाल्या ओओया-सान

योकोहामात भाड्याचं घर शोधणाऱ्या परदेशी माणसाला पहिला अनुभव येतो तो नकाराचा, आणि तोही अतिशय नम्र. एजंट फोनवर वाकून वाकून बोलतो, मग आपल्याकडे वळतो आणि दातांमधून श्वास आत ओढतो. तो आवाज ऐकला की घर गेलं असं समजायचं. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत काँक्रीटवर काम करायला आले होते. नवऱ्याची आयटीतली नोकरी टोकियोत, मुलगी अजून शाळेतसुद्धा न जाणारी. असे बरेच श्वास ऐकून झाल्यावर एजंटने आम्हाला टेकडीवरच्या एका दुमजली घरापाशी नेलं. वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, खाली मालकीणबाई एकट्या राहत होत्या.

दार त्यांनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, लहानखुऱ्या, पांढरे केस शाळकरी मुलासारखे कापलेले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर चकाकणाऱ्या पोलादी नख्या चढवलेल्या होत्या आणि अंगठ्यावर प्लास्टिकची एक. एजंटने आमची बाजू मांडायला सुरुवात केली, की हे शांत लोक आहेत, नवरा-बायको दोघंही शिकलेले आहेत, मुलगी रडत नाही. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि आम्हालाच विचारलं,

"मी पहाटे पाचला वाजवते आणि गाते. जोरात. तुम्हाला चालेल का?"

एजंटने श्वास आत ओढला. माझ्या नवऱ्याने मात्र लगेच 'हाय, हाय', म्हणजे हो, हो, म्हणून मान डोलावली. पहाटे वाजवतात म्हणजे पूजेची घंटा वाजवत असतील, अशी त्याची समजूत झाली होती, हे त्याने मला परतीच्या ट्रेनमध्ये सांगितलं.

जपानीत घरमालकाला ओओया-सान म्हणतात. बाईंचं नाव मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत ते कधी तोंडात आलं नाही. मी त्यांना ओओया-सान म्हणायची आणि त्या मला हाकासे, म्हणजे शास्त्रज्ञ म्हणायच्या. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणाऱ्या बाईला कुणी शास्त्रज्ञ म्हणत असेल तर आपण कशाला नाही म्हणायचं.

पहिल्या पहाटे आम्ही तिघंही ताडकन उठून बसलो. खाली जणू कुणी पत्र्याच्या छपरावर मूठमूठ हरभरे फेकत होतं, पण तालात, आणि इतक्या वेगाने की मोजता येऊ नये. त्यावर एक आवाज चढला. टिपेचा, नाकातून जरा कापत जाणारा, कुठेही न थरथरणारा. मी गाण्याच्या घरातली नव्हे, पण पुण्यात वाढल्यामुळे मैफलीत झोप न येऊ देण्याची सवय आहे. एवढं कळलं की हा सूर जिथे लागायला हवा तिथेच लागतोय, आणि तो लावणारी बाई सत्तरीची आहे. मुलगी म्हणाली, "आई, कोण रडतंय?" नवऱ्याने घड्याळ बघितलं.

ते ब्लूग्रास होतं. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं गाणं. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि मागे माणसाएवढा डबल बेस. गाण्यांमध्ये कुणी ना कुणी मेलेलं असतं. नदीत बुडालेलं, खाणीत गाडलेलं, नाहीतर प्रियकराने मारलेलं. आणि हे सगळं इतक्या जलद लयीत चाललेलं असतं की डोळ्यांना पाणी यावं तर पाय ठेका धरून बसलेले. मी एकदा ओओया-सानना विचारलं होतं, एवढ्या दुःखाची गाणी एवढ्या घाईने का म्हणायची? त्या म्हणाल्या, दुःखाचं गाणं हळू म्हटलं की लोक गाणाऱ्याकडे बघायला लागतात, गाण्याकडे बघत नाहीत.

बँजो वाजवून झाला तरी त्यांच्या बोटांवरच्या नख्या काढायच्या राहून जात. तशाच त्या कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, दूध आणायला जात आणि काउंटरवरचा मुलगा त्या पोलादी बोटांत पिशवी अडकवताना डोळे वर करत नसे. कचरा कसा वेगळा करायचा हेसुद्धा मी त्यांच्याकडून बँजोच्या तारांवरून शिकले. तुटलेल्या तारा जुन्या चहाच्या डब्यात साठायच्या आणि छोट्या धातूंचा कचरा नेण्याच्या वारी, इतर काही टाकायचं नसलं तरी, त्या तो डबा घेऊन कोपऱ्यावर जायच्या. तारा कागदात गुंडाळताना त्यांना हलकेच मान लववायच्या. बोगदा आला की गायच्या. घराजवळ रस्त्याला एक लहानसा बोगदा होता. त्यात शिरल्यावर त्या बोलणं अर्धवट टाकून एक लांब सूर लावत, तो घुमून परत आला की पुढचं वाक्य. समोरून येणारे सायकलवाले दचकायचे. मग त्यांना सवय झाली.

आणि त्यांचं इंग्रजी! माझ्या संस्थेतला एक अमेरिकन पाहुणा आमच्याकडे जेवायला आला होता. जिन्यात त्याला ओओया-सान भेटल्या आणि दोन मिनिटं बोलल्या. तो वर आला तो चेहरा वेगळाच घेऊन. म्हणाला, माझा पणजोबा असं बोलायचा. समजा, एखादी जपानी बाई पुण्यात येऊन शांतपणे तुमच्याशी अस्सल घाटाखालच्या मालवणीत बोलू लागली तर कसं वाटेल, तसं त्याला वाटलं होतं. त्या इंग्रजी पुस्तकातून शिकल्याच नव्हत्या. गाण्यांतून आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडून शिकल्या होत्या.

ही सगळी हकिगत मला कळली ती डबल बेसमुळे. त्यांच्या बँडमधला बेस वाजवणारा गावी परत गेला आणि त्यांनी सरळ मला सांगितलं की रविवारपासून तू वाजवायचास. मला काही येत नाही असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, तुझी ट्रेन चुकते का? मी म्हटलं, नाही. "मग तुला ताल येतो. ताल म्हणजे ट्रेनच. तिला तुझी गरज नसते, तुला तिची असते." मी बेस वाजवायला लागले. दोनच सूर आलटूनपालटून, पण ते चुकले तर सगळं घर कोसळायचं. त्या कधी कुणाचं कौतुक करत नसत. सराव संपल्यावर कधीतरी बँजो पुसता पुसता म्हणत, "आज ट्रेन वेळेवर होती." त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत असे.

बँडमध्ये गिटारवर एक दातांचे डॉक्टर होते, निवृत्त, पत्नी वारलेली. सरावालासुद्धा कोट घालून यायचे. ते ओओया-सानच्या उजव्या हाताला उभे राहून त्यांच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवायचे, आणि हे कित्येक वर्षं चाललं होतं. हा बँड एकाच माइकभोवती गाणारा. ज्याची पाळी तो पुढे येणार, बाकीचे बाजूला सरकणार, कुणाचा धक्का कुणाला लागता कामा नये. ओओया-सान तातामीच्या, म्हणजे जाड चटयांच्या, खोलीत मधोमध उलटा मॉप उभा करून त्या मॉपभोवती आमची कवायत घ्यायच्या. डॉक्टरांच्या कोटाला माझ्या बेसचा कोपरा लागला की त्या गाणं पहिल्यापासून सुरू करत. डॉक्टर दरवेळी माझ्यामुळे झालं असं म्हणून वाकायचे. या दोघांत काही आहे का, अशी आम्हा नवरा-बायकोत चर्चा व्हायची. एकदा मी आडून विचारलं. त्या म्हणाल्या, गिटारवाला नवरा करू नये, जेवायच्या टेबलावरसुद्धा माणूस त्याची लय तपासत बसतो.

बेस घेऊन ट्रेनने जाणं म्हणजे घरातलं कपाट घेऊन जाण्यासारखं. गर्दी टाळायला आम्ही साध्या, प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीने जायचो, आणि त्या संथ प्रवासात त्या बोलायच्या. सलग नव्हे. एका स्टेशनावर सुरू झालेली गोष्ट तीन रविवारांनी पुढच्या स्टेशनाला पोचायची.

त्यांची आई शामिसेनची शिकवणी घेई. शामिसेन म्हणजे तीन तारांचं, कातडं मढवलेलं जपानी वाद्य. घरात सकाळ-संध्याकाळ आईच्या शिष्यिणी. मुलीने हेच पुढे न्यायचं ठरलेलं होतं. त्या काळी योकोहामाच्या एका भागात अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती, तारेच्या कुंपणापलीकडे. शाळेच्या वाटेवर ते कुंपण लागायचं. एका सकाळी पलीकडे एक बाई कपडे वाळत घालत गात होती. छोट्या मुलीला वाटलं, ही रडतेय. ती तारेला नाक लावून बघत राहिली. बाईच्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते, ते एकेक काढून लावता लावता ती गात होती आणि तिचा चेहरा हसरा होता. "रडल्यासारखं वाटावं आणि माणूस हसत असावा, असं गाणं आमच्या घरात नव्हतं," ओओया-सान म्हणाल्या. त्या बाईशी त्या कधी बोलल्या नाहीत. काही महिन्यांनी त्या घरात दुसरेच लोक आले.

कॉलेजात गेल्यावर तिथे ब्लूग्रासचा क्लब होता. सगळी मुलं. मुलींसाठी दोन कामं, चहा करणं आणि चौकडीचा फ्रॉक घालून एखादं गाणं म्हणणं. ओओया-साननी फ्रॉक घालायला नकार दिला आणि चहाही केला नाही. बँजो मुलींना जमत नाही असं त्यांना सांगण्यात आलं, म्हणून त्यांनी बँजो धरला. घरी आईसमोर वाजवायची सोय नव्हती, तेव्हा बंदरावरच्या गोदामांमागे बसून. रेकॉर्ड अर्ध्या वेगाने लावायची, एकेक सूर वेचायचा. रेकॉर्ड अर्ध्या वेगाने लावली की बायकांचा आवाजही पुरुषी होतो, त्यामुळे पहिली कित्येक गाणी त्यांनी रेड्याच्या आवाजात पाठ केली होती. हे सांगताना त्या ट्रेनमध्ये तशा आवाजात गाऊन दाखवायच्या, आणि समोरचे लोक मोबाइलमध्ये आणखी खोल जायचे.

पुढे ऑफिसातली नोकरी सोडून त्या अमेरिकेला गेल्या. एकट्या, बँजो घेऊन, त्या डोंगरांत. एका खेड्यात गाण्याची स्पर्धा होती. निवेदकाला यांचं नाव उच्चारता येईना, लोक हसले. यांनी गायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठला, त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसला. सगळ्यांनी बघितलं. यांनी गाणं पुरं केलं. म्हातारा बसल्या जागेवरून, न वळता, मोठ्याने म्हणाला की पाठ फिरवून ऐकलं की ही पोरगी आपल्याच खोऱ्यातली वाटते.

इथवर सांगून त्या उठल्या. आमचं स्टेशन आलं होतं. बेस उतरवला, जिने चढलो, आणि मग मला राहवेना, मी विचारलं की तुम्ही काय केलंत?

त्या म्हणाल्या, "दुसरं गाणं मी स्टेजवरून खाली उतरून, त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं. त्याला म्हटलं, आता बघा. समोरूनही मी तीच आहे."

म्हाताऱ्याने बघितलं. गाणं संपेपर्यंत तो एकटक बघत होता, आणि संपल्यावर त्याने उठून टोपी काढली. स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही, पण त्याच्या घरात त्यांना खोली मिळाली. त्याच्या मुलांचा बँड होता, त्यात त्या बँजो वाजवायला आणि वरचा आवाज गायला लागल्या. व्हॅनमध्ये झोपून गावोगाव फिरल्या. म्हाताऱ्याच्या बायकोने त्यांना वाद्यांशिवाय म्हणायची चर्चमधली गाणी शिकवली, भाज्या निवडता निवडता. एक रेकॉर्ड निघाली. मग एका मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेजवर गाण्याचं बोलावणं आलं, ज्याची तिथले गाणारे आयुष्यभर वाट बघतात, आणि त्याच आठवड्यात योकोहामाहून फोन आला की आईला अर्धांगवायू झाला.

त्या परत आल्या. मोठ्या स्टेजवर त्या नंतर कधीच गेल्या नाहीत.

मी हळहळले. त्यांना माझं हळहळणं आवडलं नाही. मग त्यांनी मला आईबद्दल सांगितलं. आईची वाचा गेली होती, एक हात चालत होता. मुलगी स्वयंपाक करी, आईला उचलून आंघोळ घाली आणि दुपारी पलंगाजवळ बसून बँजो वाजवी, कारण आता आई उठून जाऊ शकत नव्हती. पहिल्या दिवशी आईने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही. मग एका दुपारी ठक् असा आवाज आला. आईने चालत्या हाताने पलंगाची कड वाजवली होती. मुलगी थांबली, पुन्हा वाजवू लागली. त्याच जागी पुन्हा ठक्. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्या जागी आपण घाई करतोय. अमेरिकेत इतकी वर्षं वाजवलं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आई जिवंत असेपर्यंत हे चाललं. चांगलं वाजलं तर आई काही करत नसे, चुकलं की ठक्. "जगात कुणाला असा गुरू मिळाला नसेल," त्या म्हणाल्या. "मोठ्या स्टेजवर कोण मला थांबवणार होतं?"

आई गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी डॉक्टरांना घेऊन नवा बँड काढला. स्टेशनजवळच्या एका तळघरातल्या छोट्या बारमध्ये ते महिन्यातून एकदा गात. ऐकायला पंधरा-वीस माणसं. पण ती माणसं कुठून कुठून यायची. एकदा एक गृहस्थ शिन्कानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, खास ओसाकाहून आले होते आणि शेवटचं गाणं ऐकून तसेच परत गेले.

आवाज जाऊ लागला हे आधी डॉक्टरांच्या लक्षात आलं. एका गाण्यात सगळ्यात वरचा सूर ओओया-साननी चलाखीने गाळला, बँजोवर घेतला. डॉक्टरांनी गिटार खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना इस्पितळात नेलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ घातक नव्हती. पण आवाज आता पूर्वीसारखा होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वरचा भाग गेला होता. उरला तो जाडसर, घोगरा, खालचा.

बोलायची परवानगी मिळाल्यावर पहाटे पुन्हा खालून आवाज यायला लागला. बँजो नाही, नुसता गळा. एकच ओळ. ती चढत जायची आणि एका पायरीवर फाटायची. पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा त्याच पायरीवर. रोज. आम्ही वर अंथरुणात पडून ऐकायचो. नवऱ्याने माझा हात धरलेला असायचा. मग एके दिवशी तेही बंद झालं. पहिल्या वर्षी कानात बोळे घालून झोपणारा माझा नवरा आता पाचला आपोआप उठून बसायचा आणि शांततेकडे कान लावून राहायचा. तळघरातल्या बारमध्ये आमच्या जागी दुसरा कुणी गाऊ लागला. जिन्यात भेटल्या की ओओया-सान मान लववायच्या. बोगद्यातून आम्ही दोघी गप्पच जायचो.

डॉक्टर दर रविवारी येत राहिले. ते म्हणत, पट्टी खाली आणू, तीच गाणी खालून गाऊ. एका रविवारी मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ओओया-सान त्यांना सांगत होत्या, आणि त्यांचा तो घोगरा आवाज अगदी शांत होता.

"यापुढे तुम्ही येऊ नका. तुम्ही शेजारी असलात की मी जुना आवाज शोधत राहते."

डॉक्टरांनी गिटार पेटीत ठेवली, पेटीचे खटके एकेक करून लावले आणि दारात बूट घालताना नेहमीसारखे खोल वाकले. मला त्यांच्याकडे बघवेना. ओओया-सानचा रागही आला. एवढी वर्षं आपल्या आवाजाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला असं सांगतात का?

एप्रिल आला. इथे शाळा-कॉलेजं एप्रिलात सुरू होतात, स्टेशनं नव्या कोट-टायमधल्या मुलांनी भरतात. एका सकाळी मी कामाला निघाले तर खाली ओओया-सान पाठीला नवीकोरी सॅक लावून उभ्या होत्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, कॉलेजला.

त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजात बाहेरून वर्गात बसणारी विद्यार्थिनी म्हणून नाव घातलं होतं. विषय मध्ययुगीन युरोपचा इतिहास, कारण तो तास क्लबच्या सरावाच्या आधी होता. आणि त्या तासाच्या जोरावर त्या ब्लूग्रास क्लबमध्ये पहिल्या वर्षाची सभासद म्हणून दाखल झाल्या होत्या. माजी विद्यार्थ्यांना तिथे पाहुणे म्हणून मान असतो, खुर्ची मिळते, भाषण करता येतं. ते सगळं त्यांनी नाकारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा आवाज त्यांना नवीन आहे, त्याला अजून काही येत नाही, आणि ज्याला काही येत नाही त्याने पहिल्या वर्षात बसायचं असतं.

मग रोज संध्याकाळी बातम्या. त्यांनी उभं राहून नाव, विषय आणि आवडता पदार्थ सांगून स्वतःची ओळख करून दिली. विशीतल्या पोरांना त्या सेन्पाई म्हणू लागल्या, म्हणजे वरच्या वर्षाचे मोठे. वेळेआधी जाऊन खोली झाडू लागल्या. आणि चहा करू लागल्या. मी म्हटलं, तुम्ही चहा? त्या म्हणाल्या, आता मुलंही करतात, मग मला करायला काय हरकत आहे? क्लबची अध्यक्ष एक मुलगी होती आणि ती बँजो वाजवायची. मुलींना बँजो जमत नाही असं कधीकाळी याच खोलीत म्हणत, हे तिला माहीतसुद्धा नव्हतं. ओओया-सान हे मला तीन-तीनदा सांगायच्या. "तिला माहीतच नाही, हाकासे." एवढ्या आनंदात मी त्यांना त्या वर्षी दुसऱ्या कशाने बघितलं नाही.

त्या मुलीने त्यांना सल्ला दिला होता की बँजो पहिल्या वर्षी जड जाईल, आधी गळ्याकडे लक्ष द्या. ओओया-सान 'हाय, सेन्पाई' म्हणाल्या होत्या.

हे फार दिवस लपणार नव्हतंच. कुणीतरी इंटरनेटवर ती जुनी रेकॉर्ड शोधून काढली. एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली, ओओया-सान स्वयंपाकघरात होत्या म्हणून मी दार उघडलं. ती अध्यक्ष मुलगी होती, पळत आलेली, रडवेली. समोर कोण उभं आहे हे न बघताच ती दारात गुडघ्यांवर बसली आणि कपाळ टेकवू लागली. मी नव्हे, त्या आत आहेत, असं मी सांगेपर्यंत ओओया-सान हात पुसत बाहेर आल्या. मुलीने एका श्वासात माफी मागितली, आम्ही तुम्हाला खोली झाडायला लावली, मी तुम्हाला बँजोबद्दल सांगितलं.

ओओया-साननी तिला बोलू दिलं. मग विचारलं,

"उद्याचा सराव रद्द झालाय का?"

"नाही."

"मग उद्या भेटू, सेन्पाई. कालच्या गाण्यात माझी खालची ओळ कुठे चुकली ते मला सांगायचं राहिलंय तुमचं."

मुलीने डोळे पुसले. थोड्या वेळाने, चाचरत, तिने सांगितलं की कुठे चुकली. ओओया-सान लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

या सगळ्या महिन्यांत त्यांनी डॉक्टरांना फोन केला नाही. आमचं टोकियोपलीकडे उरायासुला जायचं ठरत होतं, मुलीच्या शाळेसाठी. मुलगी म्हणे, मी येणार नाही, आणि तेही जपानीत. कॉलेजचा शरद ऋतूतला उत्सव आला तेव्हा ओओया-साननी मला सांगितलं की पहिल्या वर्षाच्या मुलांचं गाणं आहे, तू ये. आणि जाता जाता म्हणाल्या, डॉक्टरांनाही घेऊन ये.

एका वर्गात कार्यक्रम होता. फळ्यावर खडूने क्लबचं नाव लिहिलेलं, बाहेर मुलं ताइयाकी, म्हणजे माशाच्या आकाराचा गरम केक, विकत होती, त्याचा गोड वास आत येत होता. पहिल्या वर्षाला सगळ्यात आधीची वेळ मिळते, तेव्हा श्रोतेही फारसे नसतात. डॉक्टर कोट घालून माझ्या शेजारी बसले होते, हात गुडघ्यांवर. पाच नवी पोरं स्टेजवर आली आणि त्यांच्या खांद्याएवढ्या ओओया-सान. बँजो एका मुलाच्या गळ्यात होता. त्यांच्या हातात काही नव्हतं.

गाणं नदीपलीकडे गेलेल्या माणसाचं होतं. पोरं घाबरलेली, पहिलं कडवं धावतच गेलं. एकाच माइकभोवती सगळे, आणि त्या सगळ्यांत खाली ओओया-सानचा आवाज, इतका खाली की आधी मला तो बेसच वाटला. मग वाद्यं थांबली. बाकीचे एक पाऊल मागे सरले आणि त्या पुढे आल्या.

मी त्यांचं गाणं वर्षानुवर्षं जमिनीतून ऐकलं होतं. ते उंच असायचं, धारदार. ऐकताना आपण मान वर करायचो. आताच्या या आवाजाला धार नव्हती. तो जाड होता, त्याच्या कडा खरखरीत होत्या, एका शब्दावर तो फाटला आणि त्यांनी ते झाकलं नाही, तसंच पुढे नेलं. पण सूर कुठेही हलला नाही. घाई नव्हती. वर जायची इच्छासुद्धा नव्हती त्यात. खोलीतल्या कुजबुजणाऱ्या पोरांचे आवाज एकेक करून बंद झाले. दारातून ताइयाकीचा ट्रे घेऊन चाललेली एक मुलगी तशीच उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला तो गाणं संपून टाळ्या पडून गेल्या तरी गेला नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला होता. तो पुसायचं सोडून ते नुसताच हातात धरून बसले होते.

"इतकी वर्षं शेजारी उभा होतो," ते मला म्हणाले, "पण हा आवाज मी ऐकला नव्हता. मी असतो तर तो आलाच नसता."

स्टेजवर अध्यक्ष मुलीने घड्याळ बघून हाक दिली, पहिलं वर्ष, पुढच्या गटाच्या खुर्च्या. पोरं धावली. ओओया-सानही 'हाय' म्हणून धावल्या आणि लोखंडी घडीच्या दोन-दोन खुर्च्या काखेत धरून नेऊ लागल्या. डॉक्टर पटकन अर्धे उठले, मदतीला जायला. मग त्यांनी स्वतःला थांबवलं आणि पुन्हा बसले.

"पहिल्या वर्षाचं काम आहे ते," ते म्हणाले.